रॉटवायलर दिसायला कसा असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घ्यायचं ठरलं की ओळखीचे लोक फोन करतात. "तुमच्याकडे इतकी वर्षं रॉटी आहेत, जरा सांगा ना" अशी सुरुवात होते आणि दुसऱ्याच वाक्याला "डोकं मात्र मोठं पाहिजे हां" येतं. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, ब्रीडरही नाही. सध्या तिसरा रॉटवायलर सांभाळतोय आणि डॉग शोच्या रिंगबाहेर खुर्ची टाकून बसायची हौस आहे. खालची मापं स्टँडर्डमधली आहेत, मतं माझी.

स्टँडर्ड, स्टँडर्ड म्हणतात ते काय असतं?

एखाद्या जातीचा कुत्रा कसा असावा याचं लेखी वर्णन. ज्या देशातली जात, तिथल्या क्लबनं ते लिहायचं आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ते छापायचं, अशी रीत आहे. रॉटवायलर जर्मनीचा, त्यामुळे शब्द एडीआरकेचा, म्हणजे १९२१ साली स्थापन झालेल्या जर्मन रॉटवायलर क्लबचा. एफसीआयच्या यादीत या जातीचा क्रमांक १४७. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्ये जज याच चष्म्यातून बघतात. अमेरिकेचं स्टँडर्ड वेगळं आहे, फरक थोडेच आहेत. ते पुढे येतील.

इतकी काटेकोर मापं कशाला? कुत्रा तो कुत्रा.

हे मीही म्हणायचो. पण हा कुत्रा मुळात काय करायचा ते कळलं की मापांचा अर्थ लागतो.

जर्मनीच्या दक्षिणेला नेकार नदीच्या काठी रॉटवाइल नावाचं गाव आहे. रोमन फौजा आल्प्स ओलांडून या भागात आल्या तेव्हा खाण्यासाठीची जनावरं सोबत हाकत आणत आणि ती हाकायला दणकट कुत्रे असत. त्या कुत्र्यांचा तिथल्या कुत्र्यांशी संकर झाला. पुढे रॉटवाइल गुरांच्या बाजाराचं ठिकाण झालं आणि हा कुत्रा खाटकांचा उजवा हात. गुरं बाजाराला हाकत न्यायची, अंगावर येणारा बैल परतवायचा, मांसाची गाडी ओढायची. तिकडे त्याचं नावच 'रॉटवाइलचा खाटकाचा कुत्रा' असं होतं. बाजारातून परतताना पैशांची थैली त्याच्या गळ्यात बांधत, असंही सांगतात.

मग रेल्वे आली, गुरं डब्यातून जाऊ लागली आणि कुत्र्याचं काम गेलं. एकोणिसावं शतक संपता संपता जात जवळजवळ बुडाली होती. पहिलं स्टँडर्ड १९०१ सालचं, म्हणजे त्याच पडत्या काळातलं. १९१० मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी अधिकृत मान्यता मिळाली आणि जात पुन्हा उभी राहिली.

तेव्हा चित्र डोळ्यासमोर आणा: दिवसभर गुरांमागे दुडक्या चालीनं जाणारा, गरज पडली तर बैलाला अंगानं रेटणारा, संध्याकाळी गाडी ओढणारा. खालची प्रत्येक ओळ या तीन कामांतून आली आहे.

उंची किती असावी?

नर ६१ ते ६८ सेंटिमीटर, मादी ५६ ते ६३. यातही जर्मनांनी पायऱ्या पाडल्यात. नरात ६१-६२ म्हणजे लहान, ६३-६४ मध्यम, ६५-६६ मोठा आणि हीच योग्य उंची, ६७-६८ खूप मोठा. मादीत ६०-६१ योग्य. म्हणजे वरच्या टोकाचा कुत्रा चालतो, पण पसंती त्याच्या खालच्या पायरीला.

उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपते तिथे खांद्याची दोन हाडं वर येतात, त्या जागेपासून जमिनीपर्यंत मोजायची. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आपला कुत्रा ७२ सेंटिमीटरचा असल्याचं लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. एका रविवारी पार्किंगमध्ये सपाट फरशीवर त्याला भिंतीला लागून उभा केला, खांद्यावर वहीचा पुठ्ठा आडवा धरला, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि टेप लावली. ६६ भरला. काकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, अहो, पेढे वाटा, हीच तर नेमकी उंची आहे. त्यांना ते पटलं नाही. लिफ्टमध्ये कुत्रा अजून ७२चाच आहे.

वजन?

नर साधारण ५० किलो, मादी साधारण ४२. बस.

मला रोज कोणीतरी ६५ किलोच्या, ७० किलोच्या रॉटीचा व्हिडिओ पाठवतं. त्यातले बहुतेक कुत्रे मोठे नसतात, लठ्ठ असतात. ओळखायची सोपी युक्ती: आपल्या हाताची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागत असतील तर कुत्रा बारीक. हात सरळ ठेवून पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा. तशा लागल्या तर बरोबर. तळव्यासारखं गुबगुबीत लागलं आणि हाडच सापडलं नाही, तर भाताचं प्रमाण कमी करा आणि "एकच पोळी दिली" म्हणणाऱ्या आजींशी बोलून घ्या.

'हेवी बोन', 'डबल बोन' म्हणजे काय?

जाहिरातीतले शब्द. स्टँडर्डमध्ये सापडणार नाहीत. कुत्र्याला हाडं एकेकच असतात.

शरीर चौकोनी असावं की लांबट?

किंचित लांबट. छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी उंचीपेक्षा जास्तीत जास्त १५ टक्क्यांनी अधिक असावी. अमेरिकन स्टँडर्ड हेच उंची ९ तर लांबी १० असं मांडतं. यापेक्षा लांब झाला तर पाठ मधे झोल खाते, फार आखूड झाला तर पळताना मागचे पाय पुढच्यांत येतात. छातीची खोली उंचीच्या निम्मी हवी, म्हणजे बाजूनं बघितलं की अर्धं अंग, अर्धे पाय. आखूड पायांचा, जमिनीलगत बसका रॉटी हल्ली फोटोत भारी दिसतो म्हणून खपतो. गुरांमागे तो मैलभरही टिकला नसता.

आणि डोकं? मोठं असलं की झालं ना?

नाही. आणि याच प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

डोकं मध्यम लांबीचं, दोन कानांच्या मधे रुंद, बाजूनं पाहिलं तर कपाळाला हलकी कमान. डोळ्यांच्या मधे, जिथे कपाळ संपून नाक सुरू होतं, तिथली पायरी स्पष्ट. कवटी आणि नाकाड यांचं प्रमाण साधारण ३ ला २. नाकाड मुळाशी रुंद, पुढे थोडं निमुळतं, वरची रेघ सरळ. नाक काळं, नाकपुड्या मोठ्या. ओठ काळे आणि जबड्याला चिकटून बसलेले. लोंबणारे, लाळ गाळणारे नव्हेत. हिरड्या जितक्या गडद तितकं चांगलं.

आता आपल्याकडचा बाजार बघा. "पंच फेस आहे, साहेब" म्हणत आखूड नाकाचं, कपाळावर आठ्या पडलेलं पिल्लू पुढे करतात आणि भाव दुप्पट सांगतात. स्टँडर्ड म्हणतं, डोक्यावरची कातडी घट्ट असावी. कुत्रा कान टवकारून लक्ष देतो तेव्हा कपाळावर हलकी सुरकुती आली तर चालेल. चोवीस तास सुरकुतलेलं कपाळ हा दोष आहे, त्याचे जास्त पैसे मोजायचं कारण नाही. नाक आखूड झालं की श्वासाची वाट अरुंद होते. कुत्रा घामानं अंग गार करत नाही, धापा टाकून करतो. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात आखूड नाकाच्या काळ्या कुत्र्याचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

डोकं अंगाला शोभेल एवढं मोठं असावं. अंगापेक्षा डोकं आधी घरात शिरत असेल तर गडबड आहे.

दातांचं एवढं काय असतं? जज आधी तोंडच उघडून बघतात.

पूर्ण संच ४२ दातांचा: वर २०, खाली २२. मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीच्या पात्यासारखे घसटून बसावेत. खालचा जबडा पुढे आलेला किंवा वरचा फार पुढे गेलेला असेल तर कुत्रा रिंगमधून बाद. गुरं हाकताना वेळप्रसंगी टाचेला धरावं लागे, पोलिसांच्या कामात बाही पकडून ठेवावी लागते. जबडा वाकडा असेल तर पकड बसत नाही. घरी पाळायच्या कुत्र्याला एखादी दाढ कमी असली तर काही बिघडत नाही, फक्त त्याच्यापासून पिल्लं काढू नका.

लहानपणापासून तोंड उघडून दाखवायची सवय मात्र सगळ्यांनीच लावा. पन्नास किलोच्या कुत्र्याच्या घशात अडकलेलं हाड काढायची वेळ आली की या सवयीची किंमत कळते.

डोळे आणि कान?

डोळे मध्यम, बदामाच्या आकाराचे, गडद तपकिरी. पापण्या बुबुळाला लगटून. पिवळे डोळे बाद. पापणी आत वळलेली किंवा बाहेर लोंबलेली, तरी बाद.

माझ्या पहिल्या कुत्र्याची खालची पापणी आत वळलेली होती. ज्याच्याकडून घेतला त्यानं "धूळ गेली असेल, गुलाबपाणी टाका" असं सांगितलं. दोन महिने मी गुलाबपाणी टाकत बसलो. पिल्लू पंजानं डोळा चोळायचं, सकाळी चिपडं, दुपारी डोळा अर्धा मिटलेला. शेवटी डॉक्टरांनी बॅटरी मारून पापणी ओढून दाखवली: तिचे केस बुबुळावर घासत होते. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, एक पांढरट डाग राहिला. तेव्हापासून कुठलंही पिल्लू उचललं की मी आधी खालची पापणी बघतो.

कान त्रिकोणी, मध्यम, एकमेकांपासून लांब आणि उंचावर बसवलेले, गालाशी पुढे पडणारे. कान नीट बसले असले की डोकं आहे त्याहून रुंद भासतं. मागे दुमडलेला कान त्याच डोक्याला अरुंद करतो.

मानेखाली लोंबती कातडी असावी का?

बैलाच्या गळ्याखालची पोळी शोभून दिसते, रॉटीची नाही. मान भक्कम, हलकी कमानदार आणि गळ्याखाली साफ.

शेपूट कापलेली असावी की नसावी?

नसावी. जुन्या फोटोंत सगळे आखूड शेपटीचे दिसतात, कारण पूर्वी गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची शेपूट कापायची प्रथा होती. जर्मनीत १९९८ पासून त्यावर बंदी आहे आणि एफसीआयचं स्टँडर्ड नैसर्गिक शेपूटच मागतं: पाठीच्या रेषेत सरळ पुढे गेलेली, निवांत असताना खाली सोडलेली चालते. अमेरिकेत अजून आखूड शेपटीचा आग्रह आहे. आपल्याकडे काही विक्रेते "तीन दिवसांचा असतानाच कापून देतो, त्याला कळत पण नाही" म्हणतात. कळतं.

पाय आणि चाल कशी बघायची?

समोरून बघितलं तर पुढचे पाय सरळ, एकमेकांना फार जवळ नाहीत, कोपरं अंगाला लागून. बाजूनं खांद्याच्या फऱ्याचा कल सुमारे ४५ अंश. मनगटाचा भाग किंचित तिरका आणि लवचीक, म्हणजे धक्का तिथे जिरतो. पंजे गोल, बोटं मिटलेली आणि कमानदार, गाद्या टणक, नखं आखूड, काळी. मागचे पंजे जरा लांबट. मांड्या रुंद, पुठ्ठा, म्हणजे शेपटीच्या वरचा मागचा भाग, हलका गोल. एकदम सपाट नको आणि उतरताही नको.

पण उभ्या कुत्र्यावर फार वेळ घालवू नका. आपल्याकडे बैलबाजारात जाणता शेतकरी काय करतो? दात बघून वय, म्हणजे आदत की चौसा, ते ठरवतो, पाठीवर हात फिरवतो आणि मग म्हणतो, "जरा चालवून दाखवा." खरी परीक्षा तिथे. रॉटीही दुडक्या चालीचा प्राणी आहे. मालकाला त्याला घेऊन सरळ पळायला लावा आणि बाजूला उभं राहून फक्त पाठीकडे बघा. पाय झपाझप चालले आहेत आणि पाठ मात्र पाण्यावरच्या फळीसारखी स्थिर, तर कुत्रा चांगला. पाठ वरखाली होत असेल, मागचा भाग डोलत असेल, दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम पडत असतील, तर कितीही सुंदर डोकं असो, कमरेचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगात काय चालतं?

काळा, आणि त्यावर ठरावीक जागी गडद तांबूस खुणा: दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक टिकली, गाल, नाकाडाच्या बाजू, गळा, छाती, पाय आणि शेपटीखाली. कडा स्पष्ट हव्यात. अमेरिकन स्टँडर्डनुसार या खुणा अंगाच्या १० टक्क्यांहून जास्त नसाव्यात. 'रेड', 'ब्लू' रॉटी दुर्मिळ म्हणून महाग विकतात; रिंगमध्ये त्यांना प्रवेश नाही. पांढरे डागही दोषच. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या छातीवर दोनचार पांढरे केस असतात ते पुष्कळदा जातात, त्याची चिंता नको.

केस कापून टाकले तर उन्हाळ्यात बरं वाटेल का?

नका कापू. वरचे केस मध्यम, राठ, दाट आणि चपटे. आतून मऊ लव. हा थर थंडीत ऊब देतो आणि उन्हात कातडी वाचवतो. आठवड्यातून दोनदा ब्रश मारून आतली सुटलेली लव काढा, ते जास्त उपयोगी. फिरवायला सकाळी सातच्या आत न्या आणि डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात टेकवून बघा. लांब, कुरळ्या केसांचं पिल्लू अधूनमधून निघतं. शोमध्ये बाद, घरात मस्त.

जर्मन, अमेरिकन आणि रोमन, यातला कुठला घ्यावा?

'रोमन रॉटवायलर' अशी वेगळी मान्यताप्राप्त जात नाही. आडमाप कुत्र्यांना चिकटवलेलं ते लेबल आहे. जर्मन आणि अमेरिकन या एकाच जातीच्या दोन शाखा. फरक शेपटीचा, बांध्याच्या आवडीचा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे पिल्लं काढण्याच्या शिस्तीचा. एडीआरकेमध्ये नर-मादीनं आधी परीक्षा पास व्हावी लागते, त्यात शरीरासोबत वागणूकही तपासतात आणि कमरेचे, कोपरांचे एक्स-रे लागतात. तेव्हा "जर्मन लाइन आहे" म्हणणाऱ्याला विचारा, परीक्षेचा कागद कुठे आहे? समोर येतो तो बहुधा आजोबांचा फोटो.

स्टँडर्डप्रमाणे असलेला कुत्रा निरोगी असतोच का?

नाही, तेवढी हमी नाही. मोठ्या जातींचे आजार यालाही आहेत: कमरेचा आणि कोपराचा सांधा सैल असणं, गुडघ्याचा लिगामेंट तुटणं, हृदयातून निघणारी रक्ताची वाट अरुंद असणं, हाडाचा कॅन्सर, पोट फुगून पीळ बसणं. पिल्लांना पार्व्हो हा विषाणूचा आजार लवकर गाठतो, लसीची तारीख चुकवू नका. आयुष्य साधारण नऊ-दहा वर्षं, हे घ्यायच्या आधी घरातल्या मुलांना सांगून ठेवा. कमरेची प्रतवारी एफसीआय पद्धतीत ए ते ई अशी असते, ए म्हणजे निर्दोष. आईबापांची प्रत विचारल्यावर ब्रीडर चिडला, तर उत्तर मिळालंच.

दोन महिन्यांच्या पिल्लात यातलं किती दिसतं?

फारच थोडं. पापण्या, जबड्याची जुळणी, रंगाच्या खुणा, शेपूट, नराचे दोन्ही अंडकोष उतरलेत का, एवढं बघता येतं. डोकं किती भरेल ते सांगणारा एकतर ज्योतिषी, नाहीतर विक्रेता. अंग भरायला दोन-तीन वर्षं जातात, मधल्या काळात नऊ-दहा महिन्यांचा रॉटी काटकुळा, लंबूटांग्या दिसतो आणि लोक घाबरून अंडी, कॅल्शियमच्या बाटल्या सुरू करतात. चांगलं पपी फूड देत असाल तर वरून कॅल्शियम नको, उलट त्यानं हाडांची वाढ बिघडते. पिल्लापेक्षा त्याची आई नीट बघा. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू हातात देत असतील तर निघून या. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार तसं विकता येत नाही.

नर आणि मादी यांत काही फरक ठेवायचा का?

लांबून बघूनच कळायला हवं. नराचं डोकं, छाती भरदार; मादी त्याच बांध्याची पण नाजूक.

रागीट दिसायला हवा ना?

दिसण्यात दरारा हवा, वागण्यात शांतपणा. स्टँडर्डमध्येच लिहिलंय: स्वभावानं शांत, मुलांची आवड असलेला, शब्दातला, कामाला उत्सुक. भित्रा, विनाकारण अंगावर जाणारा, फटाक्याच्या आवाजानं गांगरणारा कुत्रा तितकाच बाद जितका वाकड्या जबड्याचा. गुंड कुत्रा खाटकाच्या काय कामाचा? गुरं बिथरवली तर सगळा बाजार उधळला.

यावर बंदी आहे असं ऐकलं?

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींवर निर्बंध घालायला सांगितलं होतं, त्यात रॉटवायलरही होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द ठरवलं. आपापल्या महापालिकेचा परवाना, रेबीजची लस, सोसायटीत पट्टा हे मात्र सगळीकडे पाळा. लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर आपण जिन्यानं जावं. पिल्लू वर्षभराचं होईपर्यंत तेवढे जिने टाळायचे असतात, मग लिफ्ट रिकामी यायची वाट बघायची.